बोर्ड गेमवरचे सिनेमे : काही चालतात, काही का बुडतात?

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय? दुपारची जेवणं झाली की घराघरात मोबाईलवर लुडो सुरू व्हायचा. काका ठाण्यात, मावशी नाशकात, पण सोंगट्या एकाच पटावर. त्या काळात सगळ्यांच्या फोनमध्ये दिसणारा 'लुडो किंग' हा गेम आपल्या नवी मुंबईतल्या 'गेमेशन' कंपनीने २०१६ मध्ये आणला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनुराग बासूचा 'लुडो' नेटफ्लिक्सवर आला. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, लुडोवर सिनेमा कसा काय होऊ शकतो?

'लुडो'ने नेमकं केलं काय?

लुडोला स्वतःची गोष्ट नाही. फासा टाका, सोंगटी पुढे न्या, समोरच्याची मारा, एवढंच. बासूने या खेळातून फक्त रचना उचलली. चार रंग म्हणजे चार गोष्टी, आणि त्या सगळ्यांना एकमेकांवर आदळवणारा फासा म्हणजे पंकज त्रिपाठीचा गुंड सत्तू. पटाशेजारी बसून पाप-पुण्याच्या गप्पा मारणारे दोन निवेदकही आहेत, त्यातला एक स्वतः बासू.

थिएटरसाठी बनलेला हा सिनेमा कोरोनामुळे ओटीटीवर आला, त्यामुळे तिकीटबारीचा आकडाच नाही. राजकुमार राव आणि त्रिपाठीचं कौतुक झालं, अडीच तासांच्या लांबीबद्दल कुरकुरही झाली. पण 'हा काय लुडो नाही' अशी तक्रार फारशी नव्हती, कारण सिनेमाने खेळ दाखवण्याचं वचनच दिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. लुडो हा पचिसीचा इंग्रजी अवतार. पचिसी कुणाच्या मालकीची नाही, त्यामुळे सिनेमाला कुठल्या कंपनीचा ब्रँड सांभाळायचा नव्हता.

हॉलिवूडला काय अनुभव आला?

तिकडे उलटं आहे. गेम कंपनीच्या मालकीचा असतो आणि सिनेमा त्या नावावर विकला जातो.

* क्लू (१९८५) : खुनी ओळखण्याच्या खेळावरचा सिनेमा. वेगवेगळ्या थिएटरांत वेगवेगळे शेवट दाखवले, एकूण तीन. कल्पना भन्नाट, पण सिनेमा थिएटरात पडला. पुढे व्हिडिओवर तिन्ही शेवट एकत्र आले आणि त्याला पक्के चाहते मिळाले.
* बॅटलशिप (२०१२) : चौकटीच्या कागदावर खेळायच्या खेळात चक्क एलियन घुसवले. खर्च २० कोटी डॉलरच्या वर. जगभरात सुमारे ३० कोटी जमले, पण त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. अमेरिकेत तर जेमतेम साडेसहा कोटी.
* विजा (२०१४) : आपल्या प्लँचेटचा भाऊ. समीक्षकांनी झोडपलं, तरी सुमारे ५० लाख डॉलरच्या सिनेमाने १० कोटींच्या वर कमावले.
* डन्जन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ह्ज (२०२३) : समीक्षक खूश, पाहणारेही खूश. पण १५ कोटींच्या खर्चावर जेमतेम २१ कोटींपर्यंत गाडी गेली.

म्हणजे चांगला सिनेमा आणि चाललेला सिनेमा, या दोन वेगळ्या गोष्टी. 'विजा' छोट्या बजेटमुळे तरला, 'डन्जन्स' मोठ्या बजेटमुळे अडकला.

मग 'जुमांजी' का चालला?

कारण 'जुमांजी' मुळात बोर्ड गेमच नव्हता. १९८१ च्या चित्रपुस्तकावरून १९९५ चा सिनेमा आला, आणि दुकानात विकला जाणारा खेळही पुस्तकानंतरचाच. तिथे गोष्ट आधी होती. फासा पडला की काहीतरी गमावण्याची भीती होती.

प्रेक्षक नेमकं काय बघतात?

पट नाही, पणाला काय लागलंय ते बघतात.

सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' (१९७७) घ्या. प्रेमचंदांच्या कथेवरच्या या सिनेमात दोन नवाबी मित्र बुद्धिबळात गुंग आहेत आणि १८५६ मध्ये इंग्रज अवध गिळतायत. बुद्धिबळाचे नियम माहीत नसले तरी काही अडत नाही. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्याला तर हे फार आधीपासून ठाऊक आहे. महाभारतातलं द्यूत आपण हजारदा ऐकलंय, पण फासे कसे पडले हे कुणाला आठवत नाही. द्रौपदी पणाला लागली, ते आठवतं. जेजुरीच्या लोककथेत खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, पैज हरतो, घर सोडतो आणि बाणाईकडे मेंढ्या राखायला जातो. एका डावातून अख्खं घर बदलतं. सापशिडीचा जुना अवतार असलेल्या मोक्षपटाचं नाव परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं. त्यात तर शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. पटावर पात्रं आयतीच आहेत.

आता पुढे काय?

२०२४ मध्ये मोनोपॉलीवरच्या सिनेमाची घोषणा झाली, मार्गो रॉबीची कंपनी तो बनवतेय. म्हणजे आपल्याकडच्या 'नवा व्यापार'चा जगप्रसिद्ध भाऊ. ट्रेलर आला की नोटा आणि घरं किती हुबेहूब आहेत ते बघू नका. कोण दिवाळखोर होणार आणि त्याचं आपल्याला वाईट वाटणार का, तेवढं बघा. सिनेमा चालणार की नाही, याचा अंदाज तिथेच येईल.