परक्याचे पद आणि घरची गिटार

गेल्या श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाहून परतताना साठी उलटलेले एक परिचित गृहस्थ आमच्या कचेरीत आले. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांस चार वर्षे झाली आहेत. तारुण्यात शिकलेली आणि पुढे संसाराच्या धबडग्यात कपाटावर जाऊन बसलेली गिटार त्यांनी निवृत्तीनंतर खाली काढली, तारा बदलल्या, आणि रोज तिसऱ्या प्रहरी खिडकी लावून घेऊन ते जुनी गाणी, कोकणी, मराठी, क्वचित इंग्रजीही, त्या गिटारवर म्हणून मोबाइलवर मुद्रित करू लागले. त्यांतील एक गाणे नातीने कौतुकाने आंतरजालावर चढविले. चार दिवसांत कळविण्यात आले की, या गाण्यावर अन्य कोणाचा तरी हक्क आहे. ज्यांचे सारे आयुष्य सरकारी नियम पाळण्यात गेले त्या गृहस्थांची झोप उडाली. खुर्चीवर बसता बसताच त्यांनी विचारले, "वकीलबाब, दुसऱ्याचें पद आपल्या घरांत गायलें म्हूण गुन्यांव जाता?"

कायद्याचे उत्तर आम्ही त्यांस तेव्हाच दिले. ते पुढे येईलच. परंतु प्रश्न मनात घोळत राहिला तो निराळ्या कारणाने. विचारणारे गृहस्थ चोवीस तासांचे अखंड भजन ऐकून आले होते, आणि त्या भजनात गाणाऱ्यांपैकी बहुधा एकानेही स्वतःचे पद म्हटलेले नव्हते. तेथे ज्याचे पुण्य, त्याचाच घरी बसल्यावर गुन्हा कसा व्हावा? या विचाराने आम्ही घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास थोडा धुंडाळला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

घरी बसून आपला आवाज मुद्रित करण्याची हौस आजची, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ती ध्वनिमुद्रणाच्या जन्माइतकीच जुनी होय. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला, आणि पुढे त्याची मेणाची नळकांडी घरोघर जाऊ लागली तेव्हा ज्या यंत्रावर गाणे ऐकावयाचे त्याच यंत्रावर आपले गाणे कोरूनही ठेवता येत असे. परंतु बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली. तबकडीच्या ठशावरून हव्या तितक्या प्रती काढता येत, म्हणून बाजार तिने जिंकला. मात्र घरच्या ग्रामोफोनवर ती केवळ ऐकावयाची वस्तू होती. गाणारा एकीकडे आणि विकत घेऊन ऐकणारा दुसरीकडे, अशी जी वाटणी त्या काळी झाली ती पुढे अर्धशतकाहून अधिक टिकली.

आपल्या देशात तबकडी आली ती याच वाटणीसह. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानची पहिली मुद्रणे झाली. ती गाणे संपविताना आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे, ही गोष्ट जुन्या तबकड्यांच्या शौकिनांस ठाऊक आहे. मेणावरील मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तेथील कारागिरांस गाणारी कोण हे कळावे एवढाच त्या उच्चारामागील हेतू. पण गाण्याच्या पोटातच नाव ठेवून देण्याची ही युक्ती आपल्या संतांस अगोदर कित्येक शतके साधली होती. त्या विषयाकडे आम्ही शेवटी येऊ.

घराचे दार पुन्हा उघडले ते चुंबकीय फितीने. जर्मनीत १९३५ च्या बर्लिन प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मुलिन नावाच्या अमेरिकन सैनिकाने त्याचे भाग मायदेशी नेले, आणि गायक बिंग क्रॉस्बी याने त्या विद्येस पैसा पुरविला. याच क्रॉस्बीने १९४९ साली लेस पॉल या गिटारवादकास अँपेक्स कंपनीचे एक फीतयंत्र दिले. पॉलने त्यात एक जादा शीर्ष बसविले आणि पहिल्या वादनावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे थर चढविण्याची कला साधली. तीत धोका असा की, नवा थर चढविताना जुने मुद्रण पुसले जाई. अखेरच्या थरात एक बोट चुकले तरी सारे पहिल्यापासून! १९५१ साली त्याने व त्याची पत्नी मेरी फोर्ड हिने न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या घरी 'हाउ हाय द मून' हे गाणे असे थरावर थर चढवून मुद्रित केले आणि ते नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. वाचकांनी ध्यानात घ्यावे की ते गाणे त्या दोघांचे नव्हे. १९४० सालच्या एका संगीत नाटकासाठी नॅन्सी हॅमिल्टनने ते लिहिले होते व मॉर्गन लुइसने त्यास चाल दिली होती. परक्याचे गाणे, घरची खोली आणि गिटार. आमच्या गृहस्थांचा सारा संसार तेथे आहे. पॉलची गिटार विजेची होती एवढाच काय तो भेद.

पुढील पायऱ्या भराभर चढता येतात. १९६३ साली फिलिप्स कंपनीची कॅसेट आली, १९७९ साली टीअॅक या जपानी कंपनीने त्याच कॅसेटवर चार पट्ट्या मुद्रित करणारे घरगुती यंत्र विकावयास काढले, आणि १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन याने आपल्या न्यू जर्सीतील घरी त्यावर केलेली कच्ची टिपणे त्याच वर्षी तशीच्या तशी प्रसिद्ध झाली. आज ती सर्व यंत्रे एका मोबाइलच्या पोटात मावतात.

परंतु या इतिहासात आमचे मन ज्या एका ठिकाणी गुंतून पडले ते स्थान कोणा नामांकिताचे नव्हे. ते एलिझाबेथ कॉटन नावाच्या, दुसऱ्यांच्या घरी घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णी स्त्रीचे होय.

ही बाई १८९० च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जन्मली. ती डावखुरी होती. भावाचा बँजो चोरून वाजवीत ती शिकली; पुढे घरकामाच्या तुटपुंज्या मजुरीतून पैसे साठवून तिने स्वतःची गिटार घेतली. तारा उजव्या हाताच्या वादकास सोयीच्या लावलेल्या. त्या न बदलता तिने गिटारच उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या तारा तिच्या बोटांखाली आल्या आणि गाण्याची चाल अंगठ्याकडे गेली! शिकविणारा कोणी नसल्यामुळे चूक दाखविणाराही कोणी नव्हता, आणि त्या चुकीचीच पुढे एक शैली झाली. घराजवळून जाणाऱ्या आगगाड्यांवर तिने कोवळ्या वयात एक गाणे रचले. 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी, हे त्याचे नाव. मग लग्न झाले, लेकरू झाले, चर्चच्या मंडळींनी असली ऐहिक गाणी सोडण्यास बजावले, आणि तिने गिटार ठेवून दिली. ती कित्येक दशके तशीच राहिली.

या शतकानुशतकांच्या जगरहाटीत एखादा योगायोग असा घडतो की कादंबरीकाराने लिहिला तर वाचक नाक मुरडतील. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात ती काम करीत असता तेथे चुकलेली एक लहान मुलगी तिने आईच्या स्वाधीन केली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, आणि मुलगी पेगी. सीगर कुटुंब लोकगीतांचे संग्राहक. कॉटनबाई त्यांच्या घरी कामास राहिल्या. भिंतीवर टांगलेली गिटार त्यांनी एके दिवशी हळूच काढून वाजविली, आणि घरातील मुले थक्क होऊन ऐकत राहिली.

१९५७ च्या सुमारास पेगीचा भाऊ माइक सीगर फीतयंत्र घेऊन कॉटनबाईंच्या घरी जाऊ लागला. नातवंडे गप्प बसून बघत असत आणि आजी वाजवीत असे. त्या मुद्रणांची तबकडी फोकवेज या संस्थेने १९५८ साली काढली. तीत तिच्या स्वतःच्या रचना होत्या, तशीच बालपणी इतरांकडून कानांनी उचललेली पदेही होती. तेव्हा बाई साठीच्या पुढे होत्या. घरकाम त्यांनी सोडले ते १९७० च्या सुमारास, म्हणजे जिला निवृत्ती म्हणतात ती त्यांस पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर लाभली; आणि लोक ज्या वयात आवराआवर करतात त्या वयात त्या गावोगाव मैफली करीत फिरल्या. १९८५ साली त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळाले, १९८७ साली त्या वारल्या.

आमच्या वकिली डोळ्यांस या चरित्रात दिसते ते मात्र मधले एक प्रकरण. पेगी सीगर हे 'मालगाडी'चे गाणे इंग्लंडात गात असे. तेथे त्या वेळी घरगुती गिटारवर गाण्याची साथच पसरली होती. १९५७ साली चास मॅकडेविटच्या संचाने ते मुद्रित केले व ते इंग्लंडात पाचव्या क्रमांकापर्यंत चढले. पण तबकडीवर कर्ते म्हणून नावे छापली गेली ती दुसऱ्याच दोघांची! जी बाई तेव्हा वॉशिंग्टनमध्ये भांडी घाशीत होती तिचे नाव त्यात नव्हते. पुढे सीगर कुटुंबाने खटपट केली, वाद झाला, तडजोड झाली आणि गाण्यावर तिचे नाव आले. इंग्लंडातील तरुणांनी गाणे गायिले यात आम्हांस काडीचाही दोष दिसत नाही. गाणे गावे म्हणूनच असते. नाव पुसले, तेथे अन्याय झाला.

आता कायद्याकडे वळू. गाण्यावरचा पैसा आणि गाण्यावरचे नाव या दोन गोष्टी कायद्याने प्रथमपासून निरनिराळ्या वाटांनी नेल्या आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली असा निर्णय दिला की यांत्रिक पियानोत घालावयाची छिद्रांकित गुंडाळी ही गीताची 'प्रत' नव्हे. सबब संगीतकारास काही देणे नाही. दुसऱ्याच वर्षी तेथील विधिमंडळाने ही पळवाट बुजवून प्रत्येक यांत्रिक प्रतीमागे दोन सेंट ठरवून दिले. एकदा गाणे मुद्रित झाले की हे दोन सेंट भरून कोणीही ते पुन्हा मुद्रित करावे. हीच 'कव्हर' गाण्यांची कायदेशीर जननी.

आपला कायदा १९५७ चा. त्यात आरंभी पुनर्मुद्रणाची वाट मोकळी होती, आणि कॅसेटच्या लाटेत तिचा मनसोक्त उपयोग झाला. २०१२ च्या दुरुस्तीने ३१क (इंग्रजीत ३१सी) हे नवे कलम आले. आता मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे लागते, शब्द व चाल यांत अनावश्यक फेरफार चालत नाही, वेष्टनावर हे 'कव्हर' असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, आणि दरसाल किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. आमच्या कोकणीभाषी वाचकांनी येथे थोडे थांबावे: एखाद्या भाषेचा वा बोलीचा प्रसार लहान असेल तर ही किमान संख्या कमी ठरविण्याची मुभा त्याच कलमात आहे. ५०,००० प्रतींचा आकडा पाहून कोकणी गाण्याचा नाद सोडणाऱ्यांस ही ओळ बहुधा कोणी दाखविलेली नसते.

आमच्या गृहस्थांस मात्र एवढ्या खोल पाण्यात शिरण्याचे कारण नव्हते. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी घरच्या घरी केलेल्या गोष्टीस कलम ५२ मोकळीक देते. त्याच कलमान्वये हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांपुढे अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोगही सुटतो, हे देवस्थानांच्या उत्सव समित्यांनी टिपून ठेवावे. गाणे जगासमोर मांडले की ते कृत्य निराळे, आणि त्यास हक्कदाराची संमती लागते. पुष्कळदा असे होते की आंतरजालावरील मंचाने हक्कदाराशी आधीच करार केलेला असतो. मग गाणे राहते, त्यावरील मिळकत तेवढी हक्कदाराकडे जाते. कर्ता निवर्तल्यास साठ वर्षे उलटली की गीत सर्वांचे होते. तुकोबांचा अभंग म्हणून मोकळा. पण त्यास अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल मोकळी असेलच असे नाही. यात भल्याभल्यांची फसगत होते.

आणि याच कायद्यात कलम ५७ आहे. कर्त्याने आपले सारे हक्क विकून टाकले तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा अधिकार त्याच्यापाशी राहतो, असे ते सांगते. कॉटनबाईंस जे वाद घालून मिळाले ते येथे आरंभीच लिहून ठेवले आहे. वकिलीत इतकी वर्षे घालविल्यावर कायद्याविषयी आदर वाटावा अशी स्थळे थोडीच उरतात. हे त्यांपैकी एक.

आमच्या देवळांतून मात्र हे कलम कोणी न लिहिता पाळले जात आले. अभंगाच्या अखेरच्या चरणात संत आपली नाममुद्रा ठेवतो. गाणारा चाल बदलो, ठेका बदलो, टाळांच्या जागी गिटार घेवो. त्या चरणाशी आला की त्यास कर्त्याचे नाव तोंडाने उच्चारावेच लागते, ते गाळले तर छंद मोडतो. स्वामित्व सर्वांस वाटून टाकलेले, आणि कर्तृत्व पदाशी शिवून ठेवलेले! नव्या गाण्यात अशी मुद्रा नसते. म्हणून ती गाणाऱ्याने आपल्या बाजूने घालावी लागते, एवढेच आम्ही त्या गृहस्थांस सुचविले.

महिन्याभराने त्यांनी तेच गाणे नव्याने मुद्रित करून आमच्याकडे धाडले. आरंभी त्यांचा घसा साफ केल्याचा आवाज आहे, मग कवीचे नाव, मग संगीतकाराचे, मग ज्या गायिकेने ते प्रथम गायिले तिचे. गिटारची एक तार थोडी उतरलेली आहे, मध्येच कौलांवर पावसाची सर वाजते, आणि दुसऱ्या कडव्याशी नात हळूच साथीला येते. स्वतःचे नाव सांगावयास ते विसरले होते. ते नातीने शेवटी सांगितले आहे.