कंदिलाच्या उजेडातील शस्त्रक्रिया

सन १९२२ च्या फेब्रुवारीत सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुका सविनय कायदेभंगास सज्ज झाला होता. परंतु चौरीचौरा येथील हिंसाचारामुळे महात्मा गांधींनी तो लढा आरंभापूर्वीच स्थगित केला. पुढच्याच महिन्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली.

जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या आंत्रपुच्छास सूज आली. हा विकार वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु सुजेच्या दाबाने तेथील रक्तप्रवाह खुंटला, की तो भाग सडून फुटतो व त्याचे विष साऱ्या पोटात पसरते. पेनिसिलिनचा शोधही तोवर लागला नव्हता. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये इस्पितळांवर कठोर टीका करणारे गांधीजी आता पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल झाले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने शस्त्र हाती घेतले.

बंदिवान दगावला असता, तर देश पेटून उठला असता. म्हणूनच श्रीनिवास शास्त्री यांनी लिहिलेल्या निवेदनावर गांधीजींनी आधी सही केली: शस्त्रक्रियेस आपली संमती आहे, परिणाम काहीही होवो, सरकारविरुद्ध चळवळ होऊ नये. मध्येच विजेचे दिवे गेले. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले.

५ फेब्रुवारीस त्यांची बिनशर्त मुक्तता झाली. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली बारडोलीने शेतसाऱ्याचा लढा जिंकला, तेव्हा गांधीजी त्यांच्या पाठीशी उभे होते. ज्या राजसत्तेशी असहकार पुकारला, तिच्याच शल्यविशारदाच्या हाती निःशंकपणे प्राण सोपविणारा हा सत्याग्रही होता.