साक्ष रुग्णाची

दारव्ह्यात आमच्या घरी ‘दर्द’ म्हणतात, शेजारी ‘कळ’, ‘ठणका’, ‘चमक’. ताप थर्मामीटर सांगतो. वेदना मात्र ज्याची त्यानेच सांगावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर मोठा आधार मॉर्फिनचा. पण त्याने मळमळते, श्वास मंदावतो. भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर ते रुग्णालयांनाही मिळेनासे झाले. कायदा सैल झाला २०१४मध्ये.

सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांनी अडतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवले. पुढे अशी औषधे शिरेतून देऊन पाहिली गेली. आयबुप्रोफेनच्या अशा इंजेक्शनला अमेरिकेत २००९मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत काहींना औषध दिले, काहींना औषधाविना नुसते द्रावण. कोणाला काय मिळाले, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. मॉर्फिन मात्र सर्वांना मागता येई. रुग्णाने पट्टीवर वेदना किती दाखवली आणि मॉर्फिन किती मागितले, यावर निकाल ठरला. पुरेशी मात्रा मिळालेल्यांनी कमी मागितले. अर्थात, जठर आणि मूत्रपिंड जपूनच ही औषधे द्यावी लागतात.

एवढ्या काटेकोर विज्ञानाने अखेर रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवला. मग खाटेवर कण्हणाऱ्या बाईला ‘एवढं काय दुखतंय?’ म्हणून गप्प करणारे आपण कोण?