ठिणगीची हकिकत

श्रोतेहो, जुनी मोटारसायकल पावसाळ्यात चालू करताना तुम्ही कोणाला पाहिले असेलच. टाकीत पेट्रोल आहे, पण कीक मारून मारून पाय भरून आला तरी गाडी काही दाद देत नाही. मग मिस्त्री येतो, बाजूचे झाकण काढतो, आत समोरासमोर बसविलेल्या धातूच्या दोन टिकल्यांमधून पॉलिश पेपरचा तुकडा फिरवतो, आणि पुढच्याच कीकला गाडी सुरू होते! त्या टिकल्यांना मिस्त्रीच्या भाषेत 'पॉइंट' म्हणतात. हे पॉइंट बाजूला ठेवून घरी बनविलेली इलेक्ट्रॉनिक डबी बसविण्याचा नाद नवी मुंबईसारख्या शहरातल्या हौशी मंडळींना असतो. हा नाद चांगला की वाईट, हे ठरविण्याआधी ठिणगीची हकिकत ऐकली पाहिजे.

इंजिनात पेट्रोलची वाफ पेटवायला प्लगच्या टोकाशी हजारो व्होल्टांची ठिणगी लागते. जुन्या गाडीची बॅटरी मात्र अवघ्या ६ व्होल्टांची. मग हजारो व्होल्ट येतात कोठून? शेतावरचा पंप चालू असताना व्हॉल्व एकाएकी बंद केला, तर पाइपात धाडकन दणका बसतो. वाहत्या पाण्याला असे थांबविलेले खपत नाही. तारेच्या वेटोळ्यातून वाहणाऱ्या विजेचेही काहीसे तसेच आहे. ती झटकन तोडली की शेजारच्या हजारो फेऱ्यांच्या बारीक वेटोळ्यात मोठा दाब उसळतो. यामागचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले.

हे तत्त्व गाडीवर चढायला काही दशके लागली. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची सोपी जोडणी रूढ केली. हीच जोडणी पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या गाड्यांनी वापरली.

पण पॉइंटचे काम मोठे कष्टाचे. जावासारखे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडतो व मिटतो. दर खेपेला तो थोडा जळतो, थोडा झिजतो. दोन टिकल्यांमधली साधारण ०.४ मिलिमीटरची फट बदलली, की ठिणगीची वेळ चुकते. त्यात ठाण्याच्या खाडीकाठची खारी, दमट हवा. टिकल्यांवर थर धरायला तिला फार दिवस लागत नाहीत.

आपल्याकडे जावाचे नाव घराघरांत पोहोचले ते मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांच्यामुळे. चेकोस्लोव्हाकियाच्या या गाड्या ते आधी आयात करीत. १९६१ पासून म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात त्या तयार होऊ लागल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. गाड्या मात्र राहिल्या. चांगले सुटे भाग शोधत फिरणे मालकाच्या नशिबी आले.

तोवर विज्ञान पुढे गेले होते. १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, तर १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर. न झिजता वीज तोडणारे आणि सोडणारे हे स्विच. १९६९ च्या कावासाकी माक थ्री या गाडीने पॉइंट टाकून देऊन इलेक्ट्रॉनिक ठिणगी स्वीकारली.

आता घरगुती डबीकडे वळू. वाशीहून लोकलने मुंबई गाठावी, ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर ट्रान्झिस्टर, डायोड वगैरे सामान घ्यावे, आणि डाग देऊन जोडावे. सर्वांत सोप्या रचनेत पॉइंट काढायचेच नाहीत. कॉइलचे तीन-चार अँपिअरचे ओझे ट्रान्झिस्टर उचलतो. पॉइंटमधून जाते ते फक्त इशाऱ्यापुरते करंट. त्यामुळे टिकल्या जवळपास जळत नाहीत. मात्र वीज तुटताना कॉइलच्या जाड वेटोळ्यातही काही शे व्होल्टांचा उलट दणका बसतो. तो सोसेल असाच ट्रान्झिस्टर घ्यावा, आणि तो तापतो म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवावा. पुष्कळ जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते. ते न पाहता तारा जोडल्या, तर डबी पहिल्याच दिवशी जळते. थायरिस्टरच्या रचनेत कपॅसिटर शेकडो व्होल्ट साठवतो आणि चावी बंद केल्यावरही तो भरलेला राहू शकतो. म्हणून तिथे उगाच हात घालू नये.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप करून मिळाले काय? ठिणगी भरवशाची झाली, हे खरे. पण काही गेलेही. पॉइंट बिघडला तर खेड्यातला मिस्त्री रस्त्याकडेला तो नीट करतो. डबी बिघडली तर तो काय करणार? हादऱ्यांनी डाग सुटू नयेत म्हणून डबीत राळ ओतून ती घट्ट करतात. मग ती उघडताही येत नाही. म्हणूनच मला पॉइंट जागेवर ठेवणारी रचना पसंत आहे. डबी दगा देईल त्या दिवशी दोन तारा पूर्वीच्या जागी लावाव्या, जुना कंडेन्सर पुन्हा जोडावा आणि घर गाठावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, डबी करणाऱ्याने तिचा नकाशा कागदावर काढून सीटखाली ठेवला पाहिजे, हे मुलांना जरूर सांगा. जावाचा कारखाना बंद पडला तरी गाडी राहिली. कारण पॉइंट कसा लावायचा हे गावोगावच्या मिस्त्रींना ठाऊक होते. उद्या डबी करणारा जवळ नसेल, तेव्हा तिची विद्या त्या कागदावर तरी सापडली पाहिजे.