खोक्यातून आलेला मिलिटरी ट्रक

मंडळी, आपल्या कोल्हापूरच्या खेड्यांत बैलगाडी कशी तयार होत असे, ते तुम्हाला सांगायला नको. चाके आणि साटा सुताराचा, धाव लोहाराची. गाडी वाटेत मोडलीच, तर दुरुस्तीला गावाबाहेर जावे लागत नसे. दुसऱ्या महायुद्धातला मिलिटरी ट्रकही आपल्याकडे असाच अनेक हातांनी उभा राहिला. पण त्याची एक गोष्ट निराळी होती.

1940 साली डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याला 60 हजारांवर गाड्या फ्रान्समध्येच टाकून याव्या लागल्या. मग ब्रिटिश नमुन्याचे, चपट्या नाकाचे, उजवीकडे स्टिअरिंग असलेले ट्रक कॅनडात फोर्ड आणि जनरल मोटर्स झपाट्याने बनवू लागल्या. अख्खा ट्रक बोटीत जागा फार खातो. म्हणून तो सुटा करायचा, खोक्यांत भरायचा आणि मुंबईला धाडायचा. गुरुजी, वर्गात नकाशा असेल तर कॅनडाहून मुंबईपर्यंतच्या वाटेवर मुलांना बोट फिरवू द्या. खोक्यांचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना 1928 पासून होता. फोर्डचाही मुंबईत होता. तिथे चासी जुळवायची, चाके चढवायची, इंजिन बसवायचे. मग वर हौदा बांधायचा. हे काम इथल्या कारागिरांचे. चिलखती गाड्यांचे तर विशेषच: कॅनडाच्या फोर्ड चासीवर जमशेदपूरच्या टाटा कारखान्याचे पोलादी पत्रे बसत. अशा साडेचार हजारांवर गाड्या झाल्या, आणि आफ्रिकेच्या वाळवंटातले सैनिक त्यांना 'टाटानगर' म्हणत!

म्हणजे पोलाद इथले, हातही इथले. इंजिन मात्र साता समुद्रापलीकडचे.

ते इथे करता आले नसते काय? सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी युद्धाच्या तोंडावरच मोटार कारखान्याची योजना मांडली होती. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी त्यांची बोलणीही झाली होती. दिल्लीच्या इंग्रज सरकारने साथ दिली नाही. ऐन युद्धात ट्रकची इतकी निकड असताना घेतलेले हे धोरण मला तरी दूरदृष्टीचे वाटत नाही. शेठजींची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याहून पहिला ट्रक निघाला तो 1947 मध्ये, तोही परदेशी भाग जोडूनच.

युद्ध संपले, तरी बॉडी बांधण्याची कला वाया गेली नाही. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती बेडफोर्ड गाडी होती. बॉडी लाकडी, बैठका काथ्याच्या. पुढच्याच वर्षी, 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

पुढे सरकारने नियम केला, की नुसती जुळणी चालणार नाही, सुटे भागही इथेच बनवा. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स 1954 मध्ये मुंबईतले काम बंद करून गेल्या. त्याच वर्षी जमशेदपूरहून, जिथे चिलखतांचे पत्रे झाले होते तिथूनच, टाटा-मर्सिडीझचा पहिला ट्रक बाहेर पडला.