पाण्याचा ताळेबंद

वर्षभरात गावावर किती पाऊस पडला, त्यातले किती पाणी मुरले आणि पिण्याला, जनावरांना व पिकांना किती लागेल, याचा गावपातळीवरचा हिशेब. नाव जमाखर्चाच्या वहीतून आले आहे आणि तेच त्याचे बळ आहे. शास्त्रीय मोजमाप निर्णय घेणाऱ्यांपुढे कसे मांडावे, याचे महाराष्ट्रातले परिचित उदाहरण म्हणजे नगर तालुक्यातील हिवरे बाजार. नगर शहराच्या पश्चिमेला साधारण १७ किमीवर हे गाव. पर्जन्यछायेतले.

एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ १ कोटी लिटर. हा गुणाकार तोंडी होतो. त्यातून वाहून गेलेले आणि वाफ होऊन उडालेले वजा करायचे. उरलेल्यातून आधी माणसांचे व जनावरांचे पिणे, मग शेत. हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो आणि रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे ते त्यावर ठरते.

१९७२ मध्ये स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मीटरमध्ये नोंदवते आणि पाणलोटनिहाय अहवाल देते. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो : औंदा कांदा करावा का? पातळीचा आकडा आणि हा प्रश्न यांच्यामधले अंतर ताळेबंद भरून काढतो.

सगळे श्रेय आकड्याला देणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात गाव १९९०च्या दशकात आदर्श गाव योजनेत आले, पाणलोटाची कामे झाली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असे निर्बंध गावाने स्वतःच घातले. ताळेबंद अशा तयार जमिनीवर पडला. पुढे जलयुक्त शिवार आणि अटल भूजल योजनेत तो राज्यभर गेला. मात्र तक्ता बाहेरच्या सल्लागाराने भरून दप्तरी लावला, तर हिशेब बरोबर असूनही एकही पीक बदलत नाही.

यातला सर्वांत कच्चा आकडा मुरलेल्या पाण्याचा. दख्खनच्या काळ्या पाषाणात भेगा कुठे दाट, कुठे विरळ. मुरण्याचे प्रमाण अंदाजानेच धरावे लागते. तो अंदाज किती चुकला, हे मार्च-एप्रिलमध्ये विहिरीच्या उघड्या पडलेल्या पायऱ्यांवरून कळते.