अदलाबदलीचा सौदा : वऱ्हाडचा करार आणि घराचें खत

घराच्या बदल्यांत घर द्यावयाचें आणि किंमतींतील अंतर रोख रकमेनें भरून काढावयाचें, हा व्यवहार दिसावयास सोपा असतो. दोन्ही घरांची किंमत ठरली, वजाबाकी झाली, कीं सौदा पुरा झाला असें उभय पक्षांस वाटतें. परंतु त्या वजाबाकींत न धरलेलीं देणींच पुढें कलहाचें मूळ होतात. बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडांत मोडतो, त्या प्रांताचा इतिहासच या गोष्टीची साक्ष देतो.

१८५३ सालच्या तहानें निजामानें फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांस लावून दिलें. त्याबरोबर रायचूर दुआब व नळदुर्गाकडील मुलूखही गेला. १८६० सालीं नवा करार झाला, तो उघड उघड अदलाबदलीचा होता. इंग्रजांनीं रायचूर दुआब व नळदुर्गाकडील मुलूख परत केला, सुरापूर निजामास दिलें आणि ५० लाख रुपयांचें कर्ज सोडलें. निजामानें गोदावरीच्या डाव्या तीरावरील कांहीं मुलूख दिला आणि ३२ लाखांच्या वसुलाचें वऱ्हाड इंग्रजांकडेच राहूं दिलें.

या करारांतील एक कलम निजामास फार जड गेलें. कारभाराचा खर्च वजा जातां जी शिल्लक राहील ती त्यास मिळावयाची होती. मात्र खर्च किती करावा हें इंग्रजांनींच ठरवावयाचें, आणि हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडावयाचा. शिल्लक कबूल झाली, पण ती मोजण्याचें माप दुसऱ्याच्या हातीं राहिलें. सर सालारजंग यांनीं प्रांत परत मिळावा म्हणून पुष्कळ खटपट केली. १८७६ सालीं ते विलायतेसही गेले. परंतु उपयोग झाला नाहीं. अखेर १९०२ सालीं वर्षास २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें देण्यांत आलें.

जें राज्यांच्या सौद्याचें, तेंच घरांच्या सौद्याचें. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ११८ व्या कलमांत अदलाबदलीची व्याख्या आहे. एका बाजूस नुसता पैसा असेल तर ती विक्री. परंतु घर आणि वर कांहीं रोख रक्कम देऊन दुसरें घर घेतलें, तर ती अदलाबदलच होय. १२० व्या कलमाप्रमाणें प्रत्येक पक्ष जें देतो त्यापुरता विकणारा आणि जें घेतो त्यापुरता विकत घेणारा ठरतो. मिळालेलें घर दुसऱ्या पक्षाच्या मालकी हक्कांतील दोषामुळें हातचें गेलें, तर करारांत उलट लिहिलें नसल्यास नुकसानभरपाई, किंवा आपलें घर अद्याप त्याच्याच ताब्यांत असल्यास तें घर परत मागतां येतें. हें ११९ वें कलम.

कल्पना करावी, कीं मेहकरचें २५ लाखांचें घर देऊन एकजण खामगांवचें ४० लाखांचें घर घेत आहे. अंतर १५ लाखांचें. मुद्रांक शुल्क या १५ लाखांवर बसेल असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे; दोहोंपैकीं अधिक मोलाच्या घराच्या बाजारमूल्यावर तें बसतें. आणि खामगांवच्या घरावर ६० हजारांची घरपट्टी थकली असली, तर घेणाऱ्यानें ती भरण्याचें पत्करून रोख १४ लाख ४० हजारच द्यावे, अथवा देणाऱ्यानें खत होण्यापूर्वी थकबाकी भरावी. कोणती तरी एक गोष्ट कागदांत आलीच पाहिजे.

कारण देणीं मालकी बदलेपर्यंत देणाऱ्याचीं व पुढें घेणाऱ्याचीं, असें कायदा सांगत असला, तरी कराचा बोजा घरावर असतो. मालक बदलल्यानें तो उतरत नाहीं. गांवच्या भाषेंत शेत म्हणजे काळी आणि वस्ती म्हणजे पांढरी. काळीचा सारा सरकारांत जातो, पांढरीची घरपट्टी ग्रामपंचायतींत. शहरांत ती नगरपालिकेंत. नगरपालिकेच्या आकारणीचा जुना पाया वार्षिक भाडेमूल्याचा, म्हणजे घर भाड्यानें दिलें असतां वर्षास जें वाजवी भाडें येईल त्याचा. जागा नझुलाची असेल, तर घराच्या कराहून भूभाडें निराळें.

म्हणून शहाण्यानें किंमतीची घासाघीस करण्यापूर्वी दोन्ही घरांच्या करपावत्या मागाव्या, आकारणीच्या नोंदवहींत नांव कोणाचें तें पहावें, आणि खताची नोंदणी झाल्यावर नांव बदलण्यासाठीं नगरपालिकेस वा ग्रामपंचायतीस लेखी खबर द्यावी. निजामाजवळ दिवाण होते, दप्तर होतें. तरी हिशेब मागण्याचा हक्क सोडल्यावर त्याचें कांहीं चाललें नाहीं. सामान्य गृहस्थाजवळ खताच्या कागदावांचून दुसरें बळ नाहीं. तो कागद त्यानें पुरा वाचावा आणि हिशेब पुरा लिहून घ्यावा.